खाणीच्या गाळतळ्याचा सांडवा : पाहिजे ६, निघाला दीड



आजची नोंद कापसाची नाही, सोयाबीनचीही नाही. सांडव्याची आहे. शेततळ्याचा, नाला बांधाचा, मामा तलावाचा सांडवा आपण सगळे ओळखतो. आमच्या पट्ट्यात अजून एक सांडवा असतो आणि त्याच्याकडे कोणी पाहत नाही. तो खाणीच्या हद्दीत असतो, पण त्याचं पाणी आपल्या वावराजवळून जातं.

वर्धा नदीच्या दोन्ही अंगाला, वणी, भद्रावती, राजुऱ्याकडे, कोळशाच्या उघड्या खाणी आहेत. कोळसा खाली असतो. त्याच्यावरची काळी माती, चिकण, मुरूम, वाळूचा दगड उकरून बाजूला डोंगर लावतात. खाणीचे लोक त्याला ओबी म्हणतात. पावसाळ्यात या डोंगराची माती धुऊन खाली येते. ती थेट नाल्यात जाऊ नये म्हणून पायथ्याशी गोल नाली काढायची, नालीचं पाणी एका तळ्यात घ्यायचं, तिथं गाळ बसू द्यायचा आणि वरचं पाणी सांडव्यावरून नाल्यात सोडायचं, अशी व्यवस्था असते. कागदावर नालीला गारलँड ड्रेन आणि तळ्याला सेडिमेंटेशन पॉण्ड लिहितात. आम्ही गाळतळं म्हणतो.

आमच्या गावाला लागून असलेल्या खाणीचं नाव मी लिहीत नाही. मुद्दा नावाचा नाही. त्या खाणीला वाढ करायची आहे, आणि सध्याच्या परवानगीच्या अटी पाळल्या जातात असं ग्रामपंचायतीचं पत्र त्यांना पाहिजे होतं. गावात दोन तट पडले. एका बाजूनं म्हणणं, देऊन टाका, गावची तीस-पस्तीस पोरं तिथं कामाला आहेत. माझा सख्खा पुतण्या तिथं डंपर चालवतो. दुसऱ्या बाजूला नाल्याकाठचे आम्ही चौदा जण. आमचं म्हणणं, गाळतळ्याची पाळ फुटली तर सगळ्यात आधी आमची वावरं जातील, मग सही कोणत्या भरवशावर करायची? सरपंचताई म्हणाल्या, "भांडू नका. कागद वाचा, जागेवर जाऊन मोजा, मग बोला." तसं केलं. कसं केलं ते सांगतो, कारण हे कोणत्याही खाणीजवळच्या गावाला करता येतं.

आधी कागद. पर्यावरण मंजुरीचं पत्र ग्रामपंचायतीत असायला पाहिजे, आमच्याकडे कपाटात होतं. अटी पाळल्याचा अहवाल कंपनीला वर्षातून दोनदा, १ जून आणि १ डिसेंबरला, द्यावा लागतो. त्यात प्रत्येक अटीसमोर एक रकाना असतो. गाळतळ्याच्या अटीसमोर लिहिलं होतं, "पूर्तता केली. सेडिमेंटेशन पॉण्ड सांडव्यासह बांधला आहे." एवढंच. आता सांगा, बैल आहे म्हणून नांगरट झाली असं कोणी लिहितं का? सांडवा आहे की नाही हा प्रश्नच नाही. त्याच्यातून किती पाणी जाईल, हा प्रश्न आहे.

कोळसा खाणींच्या मंजुरीपत्रात एक अट बहुतेक सापडतेच. नाल्या आणि पाणी साठवायचा खड्डा हे अचानक येणाऱ्या जास्तीत जास्त पावसाच्या हिशोबापेक्षा ५० टक्के मोठे करा आणि गाळ बसायला पुरेसा वेळ मिळेल एवढी साठवण ठेवा, अशी ती अट. आमच्या पत्रातही ती होती. अहवालासोबत नकाशाही होता. तो घेऊन मी जलसंधारण खात्यातून निवृत्त झालेल्या एका अभियंता साहेबांकडे गेलो. त्यांनी जे शिकवलं ते दहावीच्या गणिताच्या पुढचं नाही.

पहिला हिशोब येणाऱ्या पाण्याचा. एक हेक्टरवर एक मिमी पाऊस म्हणजे १० घनमीटर, म्हणजे १०,००० लिटर पाणी. हे पाठच करून ठेवा, सगळीकडे कामाला येतं. नकाशात गाळतळ्याकडे येणारं क्षेत्र होतं ४० हेक्टर, आणि पाऊस धरला होता तासाला ६० मिमी. म्हणजे तासात २४,००० घनमीटर. त्यातलं ६० टक्के वाहून येईल असं धरलं, ते झालं १४,४०० घनमीटर. तासाचे ३,६०० सेकंद, भागाकार केला की सेकंदाला ४ घनमीटर. अटीप्रमाणे ५० टक्के वाढवा, झाले ६.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. आपण अतिवृष्टी मोजतो ती २४ तासांत ६५ मिमीच्या वर. पंचनाम्याला तो आकडा ठीक आहे. सांडव्याला दिवसाचा आकडा पुरत नाही. ६५ मिमी दिवसभर रिमझिम पडला तर सांडवा ओला होतो, आणि तोच एका तासात पडला तर पाळ घेऊन जातो. म्हणून कागद तपासताना पहिला प्रश्न विचारायचा, "साहेब, पाऊस तासाचा किती धरला?"

दुसरा हिशोब जाणाऱ्या पाण्याचा. सपाट माथ्याच्या सांडव्यावरून जाणारं पाणी असं काढतात : सांडव्याची रुंदी मीटरमध्ये, गुणिले वरून वाहणाऱ्या पाण्याची उंची, गुणिले त्या उंचीचं वर्गमूळ, गुणिले १.७. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होतं. नकाशातला सांडवा ५ मीटर रुंद आणि पाण्याची उंची ६० सेंटीमीटर. उत्तर येतं सेकंदाला जवळपास ४ घनमीटर.

इथंच गोम सापडली. नाली ६ घनमीटरची काढली होती, अटीप्रमाणे. तळ्याचा सांडवा मात्र ४ चाच. अटीत नाली आणि खड्डा हे शब्द आहेत, सांडवा हा शब्द नाही, म्हणून नकाशा काढणाऱ्यानं ५० टक्के तिथं लावले नाहीत. पण नालीनं ६ आणून टाकले तर ते जाणार कुठून? मोठ्या दारातून बैलगाडी आत घेतली आणि मागच्या दारातून फक्त बैल बाहेर निघतो, असा प्रकार. ६ घनमीटर काढायला तेवढ्याच उंचीवर साडेसात मीटरच्या वर रुंदी पाहिजे.

मग जागेवर गेलो. खाणीच्या हद्दीत असं उठून जाता येत नाही. ग्रामपंचायतीनं संयुक्त पाहणीचं पत्र दिलं, त्यांनी परवानगी दिली, डोक्यावर हेल्मेट घालून आम्ही पाच जण गेलो. सोबत गावचे मिस्त्री होते, त्यांची पाणी भरलेली पारदर्शक नळी आणि ३० मीटरचा टेप. मशीन नाही, काही नाही. त्या नळीनं अख्ख्या घराची लेव्हल काढतात, पाळीची का नाही निघणार?

सांडव्याची रुंदी मोजली. पाचच्या जागी तीन मीटर. एका बाजूची माती ढासळून आत आलेली आणि तिच्यावर वेडी बाभूळ वाढलेली. सांडव्याच्या माथ्यावर वाळूच्या पोत्यांचे थर, ३० सेंटीमीटर उंच. कशाला? तर रस्त्यावर पाणी मारणारा टँकर याच तळ्यातून भरतो, उन्हाळ्यात पाणी जास्त दिवस टिकावं म्हणून पोती लावली. पाणी मारणं चांगलंच, धूळ आपल्याच पिकावर बसते. पण मे संपत आला तरी पोती तिथंच होती.

मग पाळ. नकाशात पाळीचा माथा सांडव्यापेक्षा एक मीटर उंच : ६० सेंटीमीटर वाहतं पाणी आणि वर ४० सेंटीमीटर कोरडी. मिस्त्रींनी नळी धरून पाळीवर दर पाच मीटरला माप घेतलं. मधोमध पाळ २५ सेंटीमीटर खचली होती. ओबीचीच माती टाकून, रोलर न फिरवता केलेली पाळ खचतेच. आता पाहा : १०० मधून २५ गेले, पोत्यांचे ३० गेले, उरले ४५. म्हणजे सांडव्यावरून ४५ सेंटीमीटर पाणी वाहायला लागलं की पुढचं पाणी पाळीच्या मधूनच जाणार. तीन मीटर रुंदी आणि ४५ सेंटीमीटर उंचीचा हिशोब केला : सेकंदाला दीड घनमीटर.

पाहिजे ६. कागदावर ४. जागेवर दीड. आणि अहवालात "पूर्तता".

मातीच्या पाळीवरून पाणी गेलं की काय होतं ते वेगळं सांगायला नको. आधी बोटभर धार, मग घळ, मग पाळच नाही. ११ ऑगस्ट १९७९ ला गुजरातमध्ये मोरबीच्या वरचं मच्छू-२ धरण असंच गेलं. सांडव्याच्या क्षमतेच्या जवळपास तिप्पट पाणी आलं, ते दोन्ही बाजूंच्या मातीच्या बांधावरून गेलं आणि खालचं मोरबी शहर वाहून गेलं. आमचं तळं त्याच्यापुढे डबकं आहे. पण नियम डबक्याला आणि धरणाला एकच : मातीची पाळ पाणी अडवण्यासाठी असते, वरून जाऊ देण्यासाठी नाही. ते काम सांडव्याचं.

अजून दोन गोष्टी पाहिल्या. सांडवा भरावावर होता, पाळीतच खाच पाडून केलेला. सांडवा नेहमी बाजूच्या मूळ, न हललेल्या जमिनीत पाहिजे. भरावावर करायचाच तर दगडी पिचिंग किंवा काँक्रीट पाहिजे आणि खाली पाणी पडतं तिथं दगडांचा थर. इथं खाली उघडी माती होती आणि गुडघाभर खड्डा पडलेला. तो खड्डा दरवर्षी मागे सरकत पाळीकडे येतो. दुसरी गोष्ट, नालीचं तोंड सांडव्यापासून दहा पावलांवर. पाणी आलं की तळं न फिरताच बाहेर. गाळ बसणार कधी? पाणी एका टोकाला आत यावं आणि दुसऱ्या टोकाला बाहेर जावं, तळं रुंदीच्या निदान तिप्पट लांब असावं. तळं लांब होतं, पण तोंड चुकीच्या बाजूला.

सोबत खाणीचा तरुण सर्व्हेअर होता. पोरगा सरळ. म्हणाला, "काका, मी नवीन आहे. अहवाल ऑफिसात बनतो, मागच्या वर्षीचाच पुढं जातो. मला कोणी पाळ मोजायला सांगितलं नाही." मी म्हटलं, "बाळा, आता मोजली ना? तुझ्या वहीत लिही, खाली आम्ही पण सही करतो." त्यानं लिहिलं. ती एका पानाची वही आमच्या सगळ्या बोलण्यापेक्षा भारी ठरली. साहेबांसमोर "आमचं नुकसान होते, आमचं नुकसान होते" म्हटलं की ते मान हलवतात. "तुमच्याच नकाशाप्रमाणे ४, तुमच्याच अटीप्रमाणे ६, तुमच्याच माणसासमोर दीड" असं म्हटलं की खुर्ची पुढे ओढून बसतात.

खाणीनं काम केलं, हेही लिहिलं पाहिजे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत पोती काढली, बाभळी काढल्या, पाळीवर मुरूम टाकून थराथरानं रोलर फिरवला आणि बाजूच्या मूळ जमिनीत आठ मीटरचा नवा सांडवा काढून पिचिंग केलं. ६० सेंटीमीटर उंचीला तो सहाच्या थोडं वर पाणी काढतो. अर्धं तळं भरलेलं होतं, त्यातला गाळही काढला. नालीचं तोंड फिरवणं आणि दुसरं तळं या दोन गोष्टी राहिल्या. "दिवाळीनंतर" म्हणाले.

जुलैत पाऊस आला. मंडळाच्या केंद्रावर त्या दिवशी ११२ मिमीची नोंद आहे, आणि त्यातला बराचसा दुपारच्या दोन तासांत. दुसऱ्या दिवशी सर्व्हेअरला घेऊन गेलो. तळ्याच्या काठाला काडीकचऱ्याची ओळ लागली होती, सांडव्याच्या माथ्यापासून ३५ सेंटीमीटर वर. आठ मीटरला ३५ सेंटीमीटर म्हणजे सेकंदाला २.८ घनमीटर. जुन्या दीडच्या सांडव्यावर हेच पाणी आलं असतं तर पाळीवरून गेलं असतं. पाळ जशीच्या तशी आहे. आमच्या चौदा जणांचे धुरे शाबूत आहेत.

पण पाणी? चहासारखं. पाण्याच्या बाटलीत भरून घरी ठेवलं. वाळू दोन मिनिटांत बसली, पोयटा तासाभरात, आणि वरचं पाणी दोन दिवसांनीही गढूळच. कृषीचे जे मित्र वाचतात त्यांना याचं कारण माहीत आहे. बारीक वाळूचा कण मीटरभर खाली जायला दोन-तीन मिनिटं घेतो, पोयट्याचा कण पाऊण तास, आणि चिकण मातीचा कण निदान तीन दिवस. आमचं तळं ६० मीटर लांब, २५ रुंद, २ खोल, म्हणजे ३,००० घनमीटर. सेकंदाला ४ घनमीटर येत असतील तर पाणी तळ्यात थांबतं साडेबारा मिनिटं. गाळानं अर्धं भरलं की सहा. एवढ्यात वाळू बसेल. काळ्या मातीची चिकण बसणार नाही. नदीनाल्यात सोडायच्या कोळसा खाणीच्या पाण्याची मर्यादा लिटरमागे १०० मिलिग्रॅम तरंगत्या कणांची आहे, म्हणजे ग्रॅमचा दहावा भाग. माझ्या बाटलीच्या तळाशी बसलेला थर बोटानं दाखवण्याएवढा होता.

म्हणून ही नोंद लिहायची. सांडवा पाळ वाचवतो, पाणी निवळत नाही. ती दोन वेगळी कामं आहेत. निवळायला जागा आणि वेळ लागतो : एकापाठोपाठ दोन-तीन तळी, आत-बाहेरची तोंडं लांब, गाळ वेळेवर काढणं, आणि बारीक चिकण असेल तर हंड्यात तुरटी फिरवतो तसा उपाय. त्याहून चांगलं म्हणजे डोंगरावरच गवत-झाडं आणि पायथ्याला दगडी भिंत, म्हणजे माती मुळात खाली येणारच नाही. आणि कोणी म्हणेल की गाळ आला तर चांगलंच, आपण तलावाचा गाळ भाडं भरून वावरात टाकतो, तर त्याला सांगा : तलावाचा गाळ शेताच्या वरच्या थराचा असतो, त्यात सेंद्रिय अंश असतो. ओबीची माती जमिनीच्या पोटातली. तिचा थर वाळला की पापुद्रा धरतो, सोयाबीनचा कोंब वर येत नाही आणि मुळाला हवा मिळत नाही.

ऑगस्टच्या ग्रामसभेत पत्राचा विषय परत आला. पुतण्या समोर बसला होता, नाल्याकाठचे बाजूला. पत्र दिलं, पण "अटींची पूर्तता झाली" असं एका ओळीत नाही. सांडव्याची क्षमता : पूर्तता, मोजमाप जोडलं. पाण्याचं निवळणं : अपूर्ण. दुसरं तळं आणि नालीचं तोंड : बाकी. प्रदूषण नियंत्रण मंडळानं पावसात, सांडवा वाहत असताना नमुना घ्यावा, अशी मागणी. साहेबांना ते पत्र फार आवडलं नाही. पुतण्याला आवडलं. म्हणाला, "काका, हे बरं केलं. पाळ फुटली असती तर खाण बंद पडली असती आणि आम्हीच घरी बसलो असतो."

तुमच्या गावाजवळ खाण, क्रशर, विटभट्टीची खदान, काहीही असेल आणि त्याच्या खाली गाळतळं असेल, तर पावसाळ्याआधी एवढं पाहा :

१) तळ्याकडे किती हेक्टरचं पाणी येतं आणि तासाचा पाऊस किती धरला.
२) नाली आणि सांडवा, दोघांचा आकडा सारखा आहे का.
३) सांडव्याची जागेवरची रुंदी, आणि माथ्यावर पोती, झुडपं, दगड.
४) पाळीची सगळ्यात खचलेली जागा सांडव्यापेक्षा किती उंच. सरासरी नको, सगळ्यात खालची.
५) सांडवा मूळ जमिनीत आहे की भरावावर, आणि खाली पाणी पडतं तिथं दगड आहे का.
६) गाळ किती भरला. लांब बांबू घालून पाहा.
७) पाणी आत येतं आणि बाहेर जातं, त्यात अंतर किती.

परवानगी घेऊनच हद्दीत जा, मोजमाप दोघांच्या सहीनं लिहा, फोटोत टेप दिसू द्या. आमच्याकडे १ डिसेंबरचा अहवाल आला की दुसऱ्या तळ्यासमोरचा रकाना आधी वाचू. मिस्त्रींना सांगून ठेवलं आहे, नळी जपून ठेवा.